रुमालाखालचा भाव

कोल्हारच्या आप्पासाहेबांनी एका संस्थानिकाची विलायती मोटार हौसेनं अठरा हजारांना घेतली. पाच वर्षांत इंजिन बसलं आणि एकाहत्तर साली पुण्याच्या दलालानं तिचे सातशे सांगितले. आप्पासाहेबांचं टाळकं सरकलं. त्यांनी मोटारीला बैलजोडी जुंपली, स्वतः आत बसून स्टेअरिंग धरलं आणि तिला थेट लोणीच्या बैलबाजारात आणलं. तिथं तरी मालाचा पारखी भेटेल!

भेटला. गहिनीनाथ व्यापाऱ्यानं चहूबाजूंनी फिरून हात फिरवला. "उमदा माल हाय, मालक." मग रिवाजाप्रमाणे हातावर रुमाल टाकून त्याखाली बोटं दाबून भाव सांगितला, बावीसशे! आप्पासाहेबांनी घासाघीस न करता त्याचा हात आवळला. रुमालाखाली दिलेला शब्द फिरत नसतो.

नोटा देऊन गहिनीनाथनं बैलांच्या कपाळावर गुलाल लावला.

"मालक, ह्ये मागं बांधलंय ते तेवढं सोडून घ्या."

आप्पासाहेब मोटारीकडं बघतच राहिले. "अरे, मग ही घरी कशी न्यायची?"

"बैल लागतील," गहिनीनाथ म्हणाला आणि त्यानं पुन्हा हातावर रुमाल टाकला.