पडद्याला वन्समोअर

मी गाजवलेल्या संगीत नाटकावर त्यानं सिनेमा काढला आणि पहिल्या खेळाला मला मुद्दाम शेजारी बसवलं.

“बाई, तुमचं हे पद वीस मिनिटं चालायचं. मी तीन मिनिटांत बसवलंय,” दिग्दर्शक अंधारात कुजबुजला. “आता लोकांना तेवढा दम नाही.”

पडद्यावरची पोरगी नुसते ओठ हलवत होती. गळ्याची शीरसुद्धा ताणली जात नव्हती.

पद संपलं तसे मागच्या रांगांतले आमचे जुने प्रेक्षक सवयीनं ओरडले, “वन्समोअर.” टाळ्या थांबेनात. दिग्दर्शक उठून सगळ्यांना हात जोडू लागला. पडद्यावर तोवर पुढचं भांडण सुरू झालं होतं.

मी त्याचा सदरा ओढला.

“हात कसले जोडतोस? लोक मागतायत. दे की आता.”