चहा संपेपर्यंत

“म्हणजे पावसाचं पाणी गटारातून जाताना आपोआप स्वच्छ होत नाही?” गावच्या पाणी समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

बाईंनी खडू खाली ठेवला. हाच प्रश्न अध्यक्षांनी मागच्या वर्गातही विचारला होता. उत्तर ऐकून मान डोलावली होती आणि बिस्किटांची बशी पुढे ओढली होती.

“नाही होत,” त्या म्हणाल्या. “बाजारातली घाण, गॅरेजचं तेल, सगळं घेऊन ते थेट तळ्यात पडतं. तळ्यातलं पाणी तुमच्या नळाला येतं. आत्ता तुमच्या कपातही तेच आहे.”

अध्यक्षांनी कपात पाहिलं आणि एक घोट घेतला. “चव तर बरी आहे, मॅडम.”

सगळे सभासद हसले. मागच्या बाकावरचा एक जण हसण्याच्या आवाजाने जागा झाला.

बाईंनी उभी हयात पाणीखात्यात घालवली होती. सभासदांना शिकवायचं हे काम त्यांनी मागून घेतलं होतं, कारण मागच्या पावसात निम्मी वस्ती जुलाबाने आडवी झाली होती आणि शेजारची चिमुरडी दवाखान्यातून परत आली नव्हती. पुढचा पाऊस तोंडावर होता.

उपाय साधा होता. बाजार आणि तळं यांच्या मधे कुठेतरी मोठा शोषखड्डा करायचा. पाणी तिथे थांबेल, मातीत जिरेल, गाळलं जाऊन पुढे जाईल.

“पण जागाच कुठे आहे?” अध्यक्ष म्हणाले. “जिकडे तिकडे सिमेंट.”

जागा कुठे आहे ते सगळ्यांना माहीत होतं. बाजाराच्या उताराखाली अध्यक्षांच्या मेव्हण्याचं गाड्या लावायचं मैदान होतं. त्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

बाई तळ्याच्या वाटेवरच्या आपल्या घरी आल्या तेव्हा वडील परसात लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांना आता दिसत नसे. पण आईने लावलेल्या त्या झाडाचं पान न् पान त्यांना बोटांनी ओळखता येई.

“शिकले का गं?”

“कसले शिकतात, बाबा. भिंतीला सांगितलं असतं तर एव्हाना तिला पाझर फुटला असता.”

“तू मऊ बोलतेस,” वडील म्हणाले. “पळवाट ठेवू नकोस. मालक रडला, पाया पडला, ओळखीचा निघाला, तरी ऐकायचं नाही, असा नियमच करून घे. मग बघू मेव्हणा कुठे जातो.”

बाईंना ते पटलं. पुढच्या वर्गात त्यांनी बिस्किटं मागवलीच नाहीत.

“जागा कुणाची ते बघायचं नाही,” त्यांनी बजावलं. “फक्त माती बघायची. हातभर खड्डा खणा, बादलीभर पाणी ओता आणि चहा प्यायला बसा. चहा संपेपर्यंत पाणी जिरलं, तर तीच जागा. मग मालक रडला तरी ऐकायचं नाही. येतंय का लक्षात?”

चहाचं नाव निघाल्यावर ते सगळ्यांच्या लक्षात आलं. अध्यक्षांनी तर नियम दोनदा म्हणून दाखवला. हात वर झाले, ठराव झाला. मेव्हण्याचं कसं होणार या विचाराने बाईंना त्या दिवशी जेवण जरा जास्तच गेलं.

मग अध्यक्ष आणि सभासद खरोखरच कुदळ घेऊन गावभर हिंडू लागले. बाईंना कौतुक वाटलं आणि थोडा संशयही आला.

एका संध्याकाळी परसात त्यांचा पाय बादलीला अडखळला.

“बाबा, ही इथे कुणी टाकली?”

“दोघं जण आले होते. पाणी मागत होते. बिचारे उन्हातान्हात फिरत असतील, म्हणून चहाही पाजला.”

“कुणालाही आत घेता तुम्ही,” बाई पुटपुटल्या आणि बादली उचलून आत गेल्या. फोन वाजत होता.

“मॅडम, जागा सापडली,” अध्यक्ष म्हणाले. “उद्या सकाळीच आखणी.”

“मेव्हणे काय म्हणतात?”

अध्यक्ष जरा घुटमळले. “नियम म्हणजे नियम, मॅडम. तुम्हीच शिकवलंत.”

बाईंनी फोन ठेवला आणि बाहेर येऊन वडिलांना सांगितलं. म्हातारा मनापासून हसला. “जिरली म्हण की एकदाची.”

सकाळी बाई मैदानाकडे निघायच्या तयारीत होत्या, तेवढ्यात परसाचं फाटक कुरकुरलं. आखणीच्या पांढऱ्या फक्कीचं घमेलं घेतलेला माणूस आत आला. त्याच्यामागून अध्यक्ष आले. वहाणा काढून, मान खाली घालून.

“मेव्हण्याकडे चहाची किटली संपली, मॅडम. पाणी हललं नाही. खाली नुसता खडक. सगळं गाव पालथं घातलं. जिरलं ते एवढ्या एकाच ठिकाणी.”

पांढरी रेघ भिंतीपासून निघाली, लिंबाच्या झाडाला वळसा न घालता सरळ पुढे आली आणि खुर्चीच्या पायांशी थांबली.

“आजोबा, जरा उठता का?” फक्कीवाला म्हणाला.

वडिलांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. “कोण आलंय गं?”

बाईंनी त्यांचा हात धरला.

“माझे विद्यार्थी, बाबा. शिकले.”