पाठीमागचा उंचवटा

"डिश अँटेनाचं तोंड समोर आहे, सपना. पाठीमागचं तिला कसं ऐकू येईल? गणितात चूक आहे. आज प्रबंध द्यायचाय, आलेखातला तो मागचा उंचवटा काढून टाका," सर जळगावहून फोनवर म्हणाले.

सपनाने संगणकावर डिशचे आणखी बारीक तुकडे पाडून, कडेवरून वळणाऱ्या लहरीही हिशेबात धरून, तिसऱ्यांदा सगळं मोजलं होतं. उंचवटा जिथल्या तिथे. पण तापातल्या बाळाला, प्रशीलला, दोन रात्री खांद्यावर घेऊन काढल्यावर सरांशी वाद घालायचं त्राण कुठून आणायचं? पुसून टाकायला तिने बोट उचललं, आणि एकदम उठून मागे धावली. खाटेच्या काठावरून घसरणारा प्रशील अलगद तिच्या हातात आला. तो रडलाही नव्हता.

दारात उभ्या सासूबाई बघतच राहिल्या. "तोंड त्या डबड्याकडे, नि पोऱ्या सरकना हाई तुले कसं समजनं? तुना कान पाठवर शेतस का वं?"

प्रशीलला मांडीवर घेऊन सपनाने एका हाताने सरांना लिहिलं, "उंचवटा राहणार, सर. मागचंही ऐकू येतं. थोडं, पण येतं."