राय व्हिस्कीच्या जागी

"घोट लहान घे," बारमन बायकोला म्हणाला.

तिनं पेला ओठाला लावला आणि तोंड वाकडं केलं. "जळतंय सगळं."

"जळणारच. मग मागून काय लागतं?"

"करपलेली साखर. आणि ओलं लाकूड."

त्याला हवं होतं ते हेच. राय व्हिस्की यायची बंद झाली होती आणि मालकाला जुनी कॉकटेल्स होती तशीच हवी होती. बदली बाटल्या बारमननंच निवडायच्या होत्या, पण त्याला थेंबही जिभेवर ठेवायची सोय नव्हती. दारूनं एकदा त्याची पार वाट लावली होती. नोकरी परत देताना मालकानं बजावलं होतं, एक घोट आणि बाहेर. म्हणून नाक त्याचं, जीभ बायकोची. आयुष्यात कधी न प्यायलेली बाई नवऱ्यासाठी रोज दुपारी बारमध्ये येऊन बसायची.

"जन्मभर जिच्या नावानं बोटं मोडली, त्या सवतीचं आता कौतुक करते," ती म्हणायची.

ओल्ड फॅशन्ड कॉकटेलला मुरलेली रम ठरली, मॅनहॅटनला आयरिश व्हिस्की, व्हिस्की सावरला ब्रँडी. शेवटी शेवटी तर ती त्याच्या आधी सांगायची.

"सुटलीस बाई," काम संपल्यावर तो म्हणाला.

ती हसली. नंतर खोकल्यामुळे ती घरी बाहेरच्या खोलीत झोपू लागली. तरी बार आवरायला मात्र नेमानं यायची.

आज सकाळी मालकानं कपाटातली रमची बाटली उघडली, तर आत कोरा चहा. शेजारच्या बाटलीतही तोच.

"किल्ली तुझ्याकडे असते," मालक म्हणाला. "पाणी कुठं मुरतंय ते कळलं मला."

"साहेब, शिवलो नाहीये मी." इथून गेलो तर दुसरं कुणी दारात उभं करणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. पुन्हा पहिल्यापासून सावरायचं बळही उरलं नव्हतं. "माझं ऐकू नका. हिला विचारा."

बायको फडकं हातात धरून उभी होती.

"इकडे ये. माझ्या तोंडाचा वास घे आणि सांग यांना."

ती हलेना.

"अगं, ये ना. माझ्या पोटावर पाय येतोय."

मग ती आली, अगदी जवळ. तिचे डोळे भरले होते.

"येतोय वास?" मालकानं लांबूनच विचारलं.

"नाही येत," ती म्हणाली, आणि त्या शब्दांबरोबर बारमनच्या नाकात रमचा वास शिरला.