सख्याची बारव

"काकू, चिठ्ठीत 'अर्धा किलो खा' लिहिलंय. संपत दुकानदार म्हणतो, काय खाऊ ते तरी विचारून या," सुमेधा पिशवी खाली ठेवत म्हणाली.

कांताबाई गोधडीला टाके घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रवा हाय त्यो."

"तुमचा र आणि व इतके बिलगतात, की त्यांचा ख होतो."

"शाळेत मास्तरबी हेच म्हणायचे. जन्माची खोड, आता काय जाती."

जालन्यात कांताबाईंच्या वरच्या खोलीत सुमेधा वर्षभर भाड्यानं राहत होती. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. कांताबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्याच कॉलेजची पायरी चढलेली त्यांच्या वस्तीतली पहिली पोर म्हणजे कांताबाई. पण शेवटचं वर्ष राहून गेलं, असं एकदा सहज म्हणाल्या होत्या. का राहिलं, ते सुमेधानं विचारलं नव्हतं.

आज संध्याकाळी पाचच्या आत सुमेधाला केदारखेड्याच्या बारवेवरचा, म्हणजे तिथल्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवरचा, शोधनिबंध पाठवायचा होता. विभागाचे मोठे सर पंचाहत्तरीचे झाले होते, त्यांच्या गौरवग्रंथासाठी. पुढच्या महिन्यात कायम जागेच्या मुलाखती होत्या आणि निवड समितीत सरांच्या शब्दाला वजन होतं. निबंध तयार होता. अडलं होतं ते प्रस्तावनेपाशी. संपादकांनी ती दोनदा परत पाठवली होती.

"ऐकता का?" ती पायरीवर बसली आणि वाचू लागली. "'पाणी हे जीवन आहे. जगातील आद्य संस्कृती नाईल, सिंधू अशा नद्यांच्या काठी...'"

"थांब. नाईलवरनं निघालीस, तर केदारखेड्याला कधी पोचशील? पाचच्या आत?"

सुमेधाला हसू आलं. "प्रस्तावना अशीच असते, काकू."

"जेवायला बसलेल्या माणसाला आधी चुलीचा इतिहास सांगत्यात का? लोकांला काय ठाऊक हाय, काय ठाऊक न्हाई, अन् तू काय हुडकून राह्यली, तेवढं सांग. बाकीचं बिलकुल नको."

सुमेधा जरा चपापली. संपादकांनीही हेच लिहिलं होतं, फक्त दीड पान. तिनं नाईल खोडली, सिंधू खोडली आणि नव्यानं लिहायला घेतलं. सरांचं नाव झालं ते याच बारवेवरच्या ग्रंथानं, आणि केदारखेडा तर कांताबाईंचं माहेर. तेव्हा त्यांना विचारायला काही हरकत नव्हती.

कांताबाईच म्हणाल्या, "सरांच्या ग्रंथात बारवेच्या पायऱ्या किती लिहिल्यात?"

"सत्तावीस."

"बराबर."

"सर चार महिने तिथं राहिले होते. तसं लिहिलंय त्यांनी सुरुवातीला."

"चार महिने." कांताबाईंनी दातानं दोरा तोडला. "अन् आभाराच्या पानावर कुणाकुणाची नावं हायत?"

सुमेधानं पुस्तक उघडलं. चाळीस वर्षांपूर्वीची प्रत, पानं पिवळी पडलेली. "पत्नीचं. प्रकाशकाचं. मुद्रितं तपासणाऱ्या एका मित्राचं."

"बरं," कांताबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

साडेचारला सुमेधानं लिहिलेलं पुन्हा वाचलं. आता ते अर्ध्या पानात बसलं होतं.

"'केदारखेडा शिवारातील ही बारव अभ्यासकांना माहीत झाली ती एकाच ग्रंथामुळे. त्यात तिचं नाव सख्याची बारव असं येतं. बारवेत शिलालेख नाही आणि गावात आज हे नाव कुणी घेत नाही. मग हा सखा कोण? सरदार, साधू, की कुणा स्त्रीचा प्रियकर? या प्रश्नाचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.' कशी झाली?"

"झकास. वाचणारा आता पान उलटंल." कांताबाईंची सुई मात्र थांबली होती. "मंग, कोण निघाला सखा?"

"एक सरदार. पंचवीस पानं पुरावे दिलेत मी."

कांताबाई हसल्या. हळूच, स्वतःशीच हसल्यासारखं. "असा कुणी सखा नव्हताच, पोरी."

"म्हणजे?"

"कापणी झाल्यावर रानात कणसं पडलेली ऱ्हात्यात. ती बाया येचायच्या, त्यो सरवा. गावच्या विहिरीवर आपल्या लोकांला पाणी नव्हतं. मंग आपल्या बायांनी कितीक सुगींचा सरवा पदरा-पदरानं जमा केला, त्याच्यावर पाथरवट पोसले अन् बारव बांधून घेतली. चांगुणाबाई म्हणून नव्वदीची म्हातारी व्हती, तिनं पायरीवर बसून मला सगळं सांगितलं. सरव्याची बारव."

सुमेधानं ते कागदावर लिहून पाहिलं. सरव्याची. मग ग्रंथातलं पान काढलं. सख्याची. तिची पंचवीस पानं, सरदार, त्याचा घोडा, सगळं त्या एका शब्दावर उभं होतं. भिंतीवरचं घड्याळ पाच वाजायला दहा मिनिटं दाखवत होतं.

"पण काकू, सर स्वतः तिथं राहिले होते. कानानं ऐकलेल्या 'सरव्याची'चं 'सख्याची' कसं होईल?"

कांताबाईंनी सुई उजेडाकडे धरली आणि पहिल्या झटक्यात दोरा ओवला.

"कानानं कुठं ऐकलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "माझ्या वहीतला रवा सरांनीबी 'खा'च वाचला."