न उडालेला तितर

"पयला दाना पाखराले, दुसरा उंदराले, उरला त आपल्याले," पेरताना माय गुणगुणायची. माय गेली, उंदीर माजले. नत्थुजीनं घरात कोणाला न सांगता ज्वारीला सोमलाचं जहर चोळलं आणि ती वावरभर पसरली. उंदीर मेले. मग ते उंदीर खाणारं घुबड बांधावर पालथं पडलं. पुढं वावरात इतकी सामसूम झाली, की त्याला स्वतःच्याच पावलांचं भेव वाटायचं. एका तिन्हीसांजेला त्याचा साळा शेषराव हसतच जेवायला बसला. "भाऊजी, तुमच्या वावरातला तितर तुमच्यासारखाच आळशी निंगाला! उडालाच नाई, हातानं उचलला." नत्थुजीच्या बायकोनं त्याच तितराचा रस्सा वाढला. चुलीमागं तितराची आतडी खाऊन मांजर भिंतीला टेकून थरथरत होतं. शेषरावानं भाकर मोडून रस्स्यात बुडवली. घास ओठांशी गेला, तशी नत्थुजीनं त्याचं मनगट धरलं. "नको खाऊ, बाप्पा! वावरात म्या जहर टाकलं."