ब्रेक

दादाची एकच किडनी उरली होती, आणि लघवीसाठी घातलेल्या नळीतून जंतू आत शिरले होते. धाकटी बहीण त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. रोज सकाळी त्याच्या लघवीचा थेंब ती स्वतःच मायक्रोस्कोपखाली बघायची. चार दिवस जंतू शेपट्या गरगरा फिरवत सैरावैरा पळताना दिसले. पाचव्या दिवशी थेंबात एकही पळताना दिसेना.

वहिनीने तिला मिठीच मारली. "सुटलो गं बाई एकदाचे!"

"औषधापुढे शेपूट घातलं लेकाच्यांनी," दादा कण्हत कण्हत हसला. त्याचं अंग अजून तापलेलंच होतं.

बहिणीने वाकून नळी उजेडात धरली. आतून पांढुरका, बुळबुळीत थर चढला होता. वहिनीला दाराबाहेर ओढून ती कशीबशी म्हणाली, "डॉक्टरांना बोलव, पळ! ही नळी आत्ताच्या आत्ता काढायला हवी."

"अगं, पण मेले ना ते?"

"त्यांच्या शेपटीला मोटर असते, वहिनी, आणि ती थांबवणारं प्रोटीनही त्यांच्याचकडे असतं. या नळीसारखी मुक्कामाची जागा सापडली की ते स्वतःच ब्रेक लावतात."